पद्मिनीचे न मिळणारे भाग : कोल्हापुरातल्या कामाच्या नोंदी

११ फेब्रुवारी २०२४

गाडी प्रीमियर पद्मिनी, १९८२ची. पेट्रोल, १०८९ सीसी, गिअर स्टिअरिंगच्या दांड्यावर. पत्र्याचं आणि इंजिनाचं मोठं काम उरकलं आहे. दुकानात मागितल्यावर "आता येत नाही" असं उत्तर मिळतं, फक्त त्याच भागांच्या या नोंदी. कोणाला हेच काम करायचं असेल तर निदान आमचा गेलेला वेळ त्याचा वाचावा.

आज गाडीभोवती फिरून यादी केली. किंगपिन सेट (पुढची चाकं ज्यावर वळतात त्या खिळ्यांचा), ब्रेक शू, क्लच प्लेट, व्हील सिलिंडरची किट हे सगळं अजून मिळतं. तिकोनी काचेचं रबर, मागच्या दिव्याची लाल काच, डॅशबोर्डचे नॉब यांचा मात्र पत्ता नाही. कारण मुंबईच्या टॅक्सीत आहे. शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ला ताडदेव आरटीओत नोंदली गेली, आणि तिची वीस वर्षांची मुदत गेल्या ऑक्टोबरात संपली. तोवर टॅक्सीत जे झिजायचं ते कोणी ना कोणी बनवत राहिलं. ज्याच्यावाचून टॅक्सीचा धंदा अडत नव्हता ते बनवणं कधीच थांबलं. त्यामुळे यादी करताना "टॅक्सीवाल्याने हे बदललं असतं का?" एवढं विचारलं तरी पुढे किती शोधावं लागणार याचा अंदाज येतो. आणि टॅक्सी संपल्यामुळे आज मिळणारे भागही फार वर्षं मिळणार नाहीत. किंगपिन आणि ब्रेकचे सेट जादा घेऊन ठेवले.

एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. गाडी मूळची इटलीची, म्हणून आटे मेट्रिक. जुन्या अॅम्बेसेडरवाल्यांना इंची आट्याचे बोल्ट शोधत फिरावं लागतं. आपल्याला बोल्ट, बेअरिंग, ऑइल सील कोल्हापूरच्या उद्यमनगरात, म्हणजे कारखान्यांच्या वस्तीत, कुठल्याही दुकानात मिळतात. भागाचं नाव सांगून मिळत नसेल तर तो उघडायचा आणि आतल्या वस्तू व्हर्नियरने (बारीक मापाच्या पट्टीने) मोजायच्या. बेअरिंगवरचा नंबर पुसला असला तरी बिघडत नाही. १७ मिमी भोक, ४० मिमी बाहेरचा व्यास, १२ मिमी जाडी भरली की ते ६२०३, मग गाडी कोणतीही असो. दुकानदाराला "पद्मिनीचं बेअरिंग" म्हटलं की तो नाही म्हणतो, "६२०३" म्हटलं की फळीवरून काढून देतो.

ब्रेक आणि स्टिअरिंगचा कुठलाही भाग घरी किंवा ओळखीच्या लेथवर बनवायचा नाही, हे आजच ठरवलं. त्यात प्रयोग नकोत.

१८ फेब्रुवारी

सुरुवात पाण्याच्या एल्बोपासून. सिलिंडर हेडवरून रेडिएटरच्या वरच्या होजला पाणी देणारा हा अॅल्युमिनियमचा वाकडा तुकडा. वर्षानुवर्षं नळाचं साधं पाणी घातल्याने आतून खाल्ला गेलाय. होज क्लिपखाली खड्डे पडल्यामुळे क्लिप कितीही आवळली तरी पाणी झिरपतं. आधीच्या कोणीतरी मेटल पुटी भरली होती, ती नखाने निघाली. इंजिन रोज तापतं आणि थंड होतं, तेव्हा धातू आणि पुटी वेगवेगळी फुगतात. ती टिकणारच नव्हती.

एक स्टड, म्हणजे एल्बो धरणारा आट्यांचा दांडा, हेडमध्ये जाम. हेडही अॅल्युमिनियमचं, त्यामुळे जोर लावला असता तर आटेच बाहेर आले असते. गंज सोडवणारं तेल घालून रात्रभर ठेवलं, सकाळी हीटगनने स्टडच्या भोवतीचं हेड तापवलं. अॅल्युमिनियम लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, त्यामुळे भोक मोठं होतं आणि स्टड सुटतो. तापवायचं हेड, स्टड नव्हे. दोन नट एकमेकांवर आवळून पान्याने हळूहळू पुढे-मागे केल्यावर आला.

२५ फेब्रुवारी

जुना एल्बोच मातीत दाबून ओतून घ्यावा असं दोघांनी सुचवलं. तसं करायचं नाही. ओतलेला धातू थंड होताना आकसतो, अॅल्युमिनियम साधारण मीटरला १३ मिमी. शिवाय जुना तुकडा झिजून आधीच बारीक झालेला. त्याची नक्कल दुहेरी लहान निघणार आणि फ्लँज (हेडला टेकणारी सपाट कड) घासून सपाट करायला धातूच उरणार नाही.

म्हणून माप जुन्या एल्बोचं घेतलं नाही, तो ज्यांच्याशी जुळतो त्यांचं घेतलं. हेडवरची भोकं, गॅस्केटच्या जागेचा ठसा, होजचा आतला व्यास. जुन्या तुकड्यावरून फक्त वळण आणि भिंतीची जाडी पाहिली, तीही जिथे पाणी लागलेलं नाही तिथे.

भाच्याने कॉम्प्युटरवर चित्र काढलं, सगळं १.३ टक्क्यांनी वाढवलं, फ्लँजच्या तोंडावर आणि होजच्या नळीवर मशीनिंगसाठी २ मिमी जास्त ठेवले. पॅटर्न (वाळूत दाबायचा नमुना) आणि कोअर बॉक्स (आतल्या पोकळीसाठी वाळूचा गाभा, म्हणजे कोअर, बनवायचा साचा) दोन्ही थ्रीडी प्रिंट करून घेतले, १,६०० रुपये. सागवानी पॅटर्न आणि कोअर बॉक्सचे साडेचार हजार सांगितले होते. पाच-दहा नग काढायचे असतील तर प्रिंट पुरतो, शेकड्याने काढायचे असतील तर लाकूडच करावं.

प्रिंटच्या बारीक रेघांत वाळू अडकते आणि पॅटर्न उचलताना साचा फुटतो. एनसी पुटी लावून, पॉलिश पेपर मारून, वर डुको रंगाचा हात दिला. बोट फिरवल्यावर एकही रेघ लागायला नको.

९ मार्च

शिवाजी उद्यमनगरातल्या छोट्या फाउंड्रीत ओतकाम झालं. कोल्हापुरात ऑइल इंजिनांचा धंदा जोरात होता तेव्हापासून ही गल्ली असलीच कामं करत आली आहे. एक-दोन नगासाठी कोणी दारातून परत लावत नाही. सीओटू कोअर (कार्बन डायऑक्साइडने कडक केलेला वाळूचा गाभा), तीन नग, मशीनिंग धरून २,२०० रुपये.

दिसायला सुरेख. पण फिट करण्याआधी तपासणी. एका तोंडाला रबराचा बूच, फ्लँजला जाड प्लेट आणि गॅस्केट, त्यातून हवेची नळी, दाब एक बार, आणि सगळं पाण्याच्या बादलीत. वळणाच्या बाहेरच्या अंगाला बारीक बुडबुड्यांची रांग. तिन्ही नगांत थोडीफार तीच गत.

मिस्त्रींना कापून दाखवलं. भिंतीत टाचणीच्या टोकाएवढी भोकं. ते म्हणाले, "ह्येनं ग्यास धरलाय बघा. भंगारातलं पिष्टन टाकलं हुतं त्यात, त्याला त्याल आनि वल दोनी असतंय." ते बरोबरच होतं. वितळलेलं अॅल्युमिनियम ओलाव्यातला आणि तेलातला हायड्रोजन शोषून घेतं आणि गोठताना सोडतं. दागिन्याच्या स्टँडला किंवा खिडकीच्या कडीला ते चालतं, पाणी धरणाऱ्या भागाला चालत नाही. कामाचे पैसे पुन्हा घेणार नाही, फक्त धातू चांगला आणून द्या असं त्यांनी सांगितलं. हा त्यांचा मोठेपणा.

१७ मार्च

एलएम-६ या ओतकामाच्या अॅल्युमिनियम मिश्रधातूची इंगट, म्हणजे लगडी, आणून दिली. यात सिलिकॉन बारा टक्क्यांच्या आसपास असतं, त्यामुळे धातू पातळ वाहतो, भिंत घट्ट येते आणि गंजतही कमी. मूस आधी लाल तापवून घेतली, इंगटही भट्टीच्या तोंडावर सुकवली, ओतण्याआधी डीगॅसरची, म्हणजे वायू काढणारी, गोळी तळाशी दाबून धरली. वरचा मळ काढून लगेच ओतलं, जास्त तापू दिलं नाही.

बादलीत एकही बुडबुडा नाही. फ्लँज जाड काचेवर पॉलिश पेपर ठेवून आठच्या आकड्यात घासली, नवे स्टड, नवं गॅस्केट, आणि यापुढे नळाचं पाणी बंद, तयार कूलंटच.

ही सोपी चाचणी कोणीही वगळू नये. भोकाचा एल्बो गाडीवर चढला असता तर तो घाटात कळला असता, आणि अॅल्युमिनियमचं हेड एकदा तापून वाकलं की खर्चाचा आकडाच बदलतो.

३१ मार्च

गिअर. दांड्यावरच्या गिअरचं चलन इंजिन-खोलीतल्या सळयांतून गिअरबॉक्सपर्यंत जातं, आणि दर जोडाला बुश, म्हणजे सळई ज्यात फिरते ती छोटी नळी. प्रत्येकात थोडी ढील असली तरी सगळी मिळून लिव्हर हातभर हलतो आणि दुसरा गिअर सापडत नाही. बाजारातले बुश आणले होते, नवेच ढिले. दोष त्यांचा नाही. माझ्या सळया जिथे बुश बसतात तिथे झिजल्या आहेत, आणि बाजारातला बुश मूळ मापाच्या सळईसाठी असतो.

सळई वेल्डिंगने भरून लेथवर गोल करायची की बुश झिजलेल्या मापाला करायचा? झीज लंबगोल आहे, त्यामुळे बुश कसाही केला तरी एका दिशेला ढिला आणि दुसऱ्या दिशेला जाम होणार. सळईच भरून घेतली. मूळ माप बुशच्या बाहेर, जिथे कधी घर्षण झालं नाही तिथे मिळालं.

पितळेचा बुश करा असा आग्रह होता. केला नाही. पितळ खडखडतं आणि ग्रीस सुकलं की सळई खातं. बुश झिजावा, सळई नको. नायलॉनच्या रॉडमधून टर्न करून घेतले, एक दशांश मिमी मोकळीक ठेवून. सळयांचं काम ९०० रुपये, बुश सगळे मिळून ४५०. गिअर आता दोन बोटांनी पडतो.

२१ एप्रिल

डॅशबोर्डचे नॉब. नमुना शाबूत, प्रिंट करून रंगवले, दिसायला तंतोतंत. दुपारी गाडी उन्हात राहिली आणि संध्याकाळी नॉब एका अंगाला झुकलेले. पीएलए प्लास्टिक साठ अंशांच्या आसपास मऊ पडतं, आणि बंद गाडीच्या डॅशवर एप्रिलच्या उन्हात तेवढी उष्णता सहज होते. तेच चित्र एएसए या दुसऱ्या प्लास्टिकमध्ये पुन्हा काढलं. ते शंभर अंशांच्या जवळपास पोचेपर्यंत मऊ पडत नाही आणि उन्हाने पिवळंही पडत नाही. पीएलए मापं बघायला आणि ओतकामाच्या पॅटर्नला उत्तम, गाडीत मात्र नको.

५ मे

आता सगळ्यात जिकिरीचं काम. पुढच्या दारातल्या तिकोनी काचेभोवतीचं रबर. दगडासारखं कडक झालंय, कोपऱ्यात तडकलंय, आणि पावसाचं पाणी थेट दारात उतरतं. दारं आतून कुजतात ती इथूनच. पद्मिनी घ्यायला जाल तेव्हा दाराच्या खालच्या कडेला बोटाने दाबून बघा. तिथे पत्रा मऊ असेल तर त्याचं मूळ या रबरात असतं.

मीटरवर मिळणारं बीडिंग लावून पाहिलं. सरळ बाजूला बसतं, कोपऱ्यात दुमडतं, आणि काच बंद होताना ती घडी बाहेर ढकलते. हा भाग मुळात साच्यात दाबून केलेला आहे, कोपऱ्यांसकट एकसंध. लांबीने मिळणारा माल इथे कामाचा नाही.

मग सिलिकॉनच्या साच्यात दोन घटकांचं पीयू (पॉलियुरेथेन) रबर घरी ओतून पाहिलं. हाताला छान मऊ. एक तुकडा खिडकीत उन्हाला बांधून ठेवलाय, कसा टिकतो ते बघायला.

२६ मे

खिडकीतला तुकडा वरून चिकट झालाय आणि रंग तपकिरी. ते साहित्य बाद.

गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका रबर मोल्डिंगवाल्यांकडे गेलो. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, कुठलं रबर? तेल लागणाऱ्या जागी नायट्राइल, पण ते ऊन आणि ओझोनने तडकतं. काचेला, दाराला ईपीडीएम. ते उन्हापावसात वर्षानुवर्षं टिकतं, फक्त तेल-ग्रीस लावायचं नाही. कडकपणा शोअर ए या रबराच्या मापात ६० ठरवला. त्यापेक्षा कडक घेतलं तर काचेची कडी लागत नाही, मऊ घेतलं तर ओठ दुमडतात.

साच्याची किंमत डाव्या-उजव्या दोन्ही मिळून २४,००० रुपये. एका गाडीसाठी परवडणारं नाही. इचलकरंजी, सांगली, कराड आणि बेळगावच्या पद्मिनीवाल्यांना फोन केले. सगळ्यांच्या दारात तेच पाणी. वीस जोड्यांची मागणी जमली, जोडीला १,२०० साच्याचे आणि ३५० मालाचे. पैसे आधी घेतले, हिशेबाचं पान सगळ्यांना पाठवलं. असं सामाईक काम करायचं तर हिशेब पहिल्या दिवसापासून उघडा ठेवावा, नाहीतर माणसं पुढच्या भागाला उभी राहत नाहीत.

माप घेताना इथेही एल्बोचाच नियम. जुनं रबर चाळीस वर्षांत आकसलेलं आहे. त्याच्या मापाचा साचा केला तर रबर फ्रेमला तोकडं पडेल. दाराच्या पत्र्याची खाच, काचेची जाडी, फ्रेमचा कोन मोजला. रबर दाबून शिजवल्यावर दोनेक टक्के आकसतं, ते साच्यात वाढवून घेणं त्या लोकांचं काम, आपण फक्त तयार भागाचं माप द्यायचं. दोघांनीही वाढवलं की घोटाळा होतो, त्यामुळे चित्रावर "तयार माप" असं ठळक लिहिलं.

२३ जून

पहिला नमुना आला. तीन बाजू अचूक, वरचा टोकदार कोपरा मात्र भरलेला नाही. त्या टोकात हवा अडकत होती. त्यांनी साच्याच्या टोकाला हवा निघायला बारीक चर पाडली, पुढचा नमुना पूर्ण भरला. साबणाचं पाणी लावून बसवलं, तेल अजिबात नाही. पाईप धरून दहा मिनिटं पाणी मारलं, दार आतून कोरडं. पावसाचा जोर वाढायच्या आत, वेळेत झालं.

वाटपाच्या वेळी सगळ्यांच्या दारांची मापं तपासली. दोन गाड्यांच्या फ्रेम अपघातानंतर ठोकून सरळ केलेल्या, त्यांना कोपऱ्यात थोडं रबर तासावं लागलं.

१४ जुलै

मार्चमध्ये दोन बोटांनी पडणारा गिअर आता जड. थंड असताना तर लिव्हर परत जागेवरही येत नाही. ग्रीस बदललं, फरक नाही. बुश काढून मोजले तर आतलं भोक लहान झालेलं. नायलॉन हवेतला ओलावा पितं आणि फुगतं, आणि महिनाभर इथे कपडेसुद्धा वाळलेले नाहीत. लेथवाल्यांनी आतून थोडं मोठं करून देतो म्हटलं, पण मग तेच बुश एप्रिलमध्ये ढिले होणार.

अॅसिटलच्या रॉडमधून नवे केले. बाजारात त्याला डेलरिन म्हणून मागायचं. ते पाणी अगदी नगण्य पितं, कापायलाही स्वच्छ. रॉड नायलॉनपेक्षा महाग, सगळे बुश मिळून ७५० झाले. कोकण, कोल्हापूर, महाबळेश्वर अशा पावसाच्या मुलखात नायलॉनच्या वाटेला जाऊच नका.

४ ऑगस्ट

जुलैच्या अखेरीस पंचगंगेने राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली होती, रस्ते बंद, कामं बंद. त्या दिवसांत घरीच मागच्या दिव्याच्या काचेचा साचा घेतला.

माझी काच फुटलेली. बाजारातली नकली काच आणली होती, स्क्रूची भोकं जुळली नाहीत. इचलकरंजीच्या एका मित्राने त्याची त्याच बाजूची शाबूत काच उसनी दिली. दुसऱ्याची वस्तू आहे, म्हणून फार जपून. थिनर किंवा अॅसिटोनने पुसायचं नाही, जुन्या प्लास्टिकला जाळीसारख्या चिरा जातात. फक्त साबणाचं कोमट पाणी. टेकू द्यायला जी माती लावतो तिच्यात गंधक नसावं, नाहीतर प्लॅटिनमवाला सिलिकॉन तिथे घट्टच होत नाही, चिकट राहतो. बिनगंधकाची माती मागवली. साचा सुंदर आला, आतल्या प्रिझमची प्रत्येक कड उमटली. सिलिकॉन आणि माती मिळून १,९०० रुपये.

पण काच जमली नाही. पारदर्शक पीयू रेझिन ओतलं आणि ते सोडावॉटरसारखं फसफसलं. पीयूचा घटक पाण्याशी मिळाला की कार्बन डायऑक्साइड सुटतो, आणि या हवेत साचा, भांडं, ढवळायची काडी सगळंच ओलसर. साचा ओव्हनमध्ये सुकवून पुन्हा ओतलं, बुडबुडे कमी झाले पण गेले नाहीत. दिव्याची काच ही शोभेची वस्तू नाही, मागच्याला तिच्यातून ब्रेक दिसायला हवा. हे काम पाऊस संपेपर्यंत थांबवलं. साचा पावडर लावून, मूळ काचेसारख्याच आकाराच्या पुठ्ठ्यावर ठेवून बंद डब्यात, म्हणजे वाकणार नाही. उसनी काच परत केली.

२० ऑक्टोबर

हवा कोरडी. साचा आणि कोअर ६० अंशांवर दोन तास सुकवले, रेझिनचा डबा नवा फोडला. उघडलेला डबा ओलावा धरून बसतो, तो पुन्हा वापरू नये. रंगाच्या दुकानातली पावडर नाही, पारदर्शक लाल डाय, म्हणजे विरघळणारा रंग, घेतला. पावडरने काच लाल दिसते पण उजेड अडतो. ओतल्यावर साचा प्रेशर पॉटमध्ये तीन बारवर ठेवला, त्यामुळे उरलेले बुडबुडे दबून दिसेनासे झाले. पॉट भाच्याच्या कॉलेजच्या वर्कशॉपमधून, सरांच्या परवानगीने. रंग टाकायचा प्लास्टिकचा डबा किंवा घरचा कुकर असल्या कामाला वापरू नये, दाबाने फुटला तर जिवावर बेतेल.

रात्री गाडीवर लावून, दुसऱ्या बाजूच्या मूळ काचेशी ताडून पन्नास पावलांवरून पाहिलं. ब्रेक आणि टेल दोन्ही वेगळे ओळखू येतात, प्रकाश दोन्हीकडे सारखा पसरतो. रेझिन आणि डाय १,१०० रुपये. उन्हाचं संरक्षण रेझिनमध्ये आहे, तरी वरून यूव्ही लॅकरचा एक हात दिला. दोन जादा काचा ओतल्या, एक इचलकरंजीला पाठवली.

रबराचा साचा गोकुळ शिरगावलाच ठेवला आहे, वीसांच्या नावावर. पुन्हा मागणी दहा जोड्यांची झाली की तो प्रेसवर चढेल, तेव्हा फक्त मालाचे पैसे. एल्बोचा पॅटर्न आणि कोअर बॉक्स माझ्याकडे, ज्याला हवा त्याने न्यावा आणि एलएम-६मध्येच ओतून घ्यावा. पुढचं काम काच वर-खाली करणाऱ्या यंत्राच्या दातेरी पट्टीचं. उजवीकडची पट्टी काढली आहे, मधले दात गेलेत, टोकाचे कोरे आहेत. माप टोकाच्या दातांवरून घ्यायचं.